बावीस मिनिटं

आमच्या घरात दारं पाच. त्यातलं आपटण्याजोगं एकच, कारण बाकीची पावसाळ्यात फुगून बसलेली, ती धड लागतच नाहीत. ते एकुलतं एक दार आज दुपारी साडेचारला आपटलं. आपटणारी माझी धाकटी बहीण रुही. दहावीची परीक्षा देऊन महिना झालेला, वय पंधरा, आणि मांने तिचा मोबाइल कपाटात ठेवून किल्ली पदराला बांधलेली.

"तुमी सगळे माझे दुश्मन हाव!" एवढं बोलून ती आत गेली. भिंतीवरचं कॅलेंडर हललं आणि पडवीतली कोंबडी उगाचच ओरडली.

मी लगेच उठले. मला बसवतच नाही अशा वेळी. दारापाशी गेले, कान लावला, परत आले. कोकमचं सरबत केलं, पेला घेऊन पुन्हा दारापाशी गेले, "रुही, सरबत," म्हणाले, आतून उशी फेकल्याचा आवाज आला. परत आले. सरबत मीच पिऊन टाकलं. बाबा पडवीत आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी दाराकडे पाहिलंही नाही. त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा पायाची नखं कापायला लागले.

बाबांची ही घड्याळ बघायची सवय मला आता ठाऊक आहे. ती कुठून आली, तेही ठाऊक आहे. पण म्हणून जीव स्वस्थ बसतो थोडाच!

त्यातून हा वास. मागच्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर आंबे पसरलेत, वर पुन्हा पेंढा, अशी आढी घातली आहे. अजून आठवडा झाला नाही. या दिवसांत आढीचा वास ना कच्चा ना पिकलेला. नाकात शिरला की उगाच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. दर वर्षी एप्रिल-मे आला की मला असंच होतं. लोकांना आंब्याच्या वासाने तोंडाला पाणी सुटतं. मी मागच्या खोलीत जायचंच टाळते.

दहा वर्षं झाली. १९९९चा सीझन. तेव्हा दहावीची परीक्षा देऊन बसलेली मी होते, आणि दार आपटणारीही मीच.

*

परीक्षा संपल्यावरचे ते दिवस मला तारखांनी आठवत नाहीत, अंगाने आठवतात. पाय सारखे हलायचे. सकाळी दहा वाजले तरी डोळा उघडायचा नाही आणि सगळं घर झोपलं की डोळ्याला डोळा लागायचा नाही. आरशासमोर एकदा उभी राहिले की मां तीनदा हाक मारून थकायची. आदल्या दिवशी जीव की प्राण असलेली मैत्रीण दुसऱ्या दिवशी नकोशी. मांजराने पायात घुटमळलं तरी रडू यायचं. मां शेजारणीला सांगायची, "पोरीला काय वारा लागला, समजत नाय." मलाही समजत नव्हतं. पण समजत नाही असं कबूल करण्यापेक्षा मी मेले असते.

आणि त्या एप्रिलात बाबा आले.

बाबा सौदीत दमामला पाइप फिटर होते. दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवसांची रजा. आमच्या गावात निम्म्या घरांचे बाप असेच, विमानाच्या तिकिटावर येणारे आणि जाणारे. पण मधली एक रजा रद्द झाली आणि बाबा साडेतीन वर्षांनी आले. त्यांनी मला पाहिली होती ती बारा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, त्यांच्या खांद्यावर चढणारी. रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मांला विचारलं, "सलमा नाय आली?"

मी तिथेच उभी होते. मां हसली, बाबाही कानकोंडे होऊन हसले. मी हसले नाही.

घरी आल्यावर बॅग उघडली. माझ्यासाठी लाल बूट होते, बक्कलवर सशाचं तोंड. पायात अर्धेही जाईनात. बाबा माझा पाय हातात धरून तो बूट चढवायला बघत होते, "जाईल, जाईल, जरा जोर लाव," म्हणत होते. मी पाय ओढून घेतला. पुढे ते बूट रुहीच्या पायाला येईपर्यंत कपाटात पडून राहिले. रुही तेव्हा पाच वर्षांची होती आणि बाबांना "काका" म्हणत होती.

आता कळतं, पंचेचाळीस दिवसांत सगळं उरकायची घाई त्या माणसाला झाली होती. कौलं शाकारायची होती, विहिरीचा कठडा बांधायचा होता, पाच वर्षांच्या मुलीला बाप म्हणून ओळख द्यायची होती आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची ती साडेतीन वर्षं एका दमात जाणून घ्यायची होती. माझ्या मागे मागे फिरायचे. "कुठं जातेस? कुणाबरोबर? काय वाचतेस? हसलीस कशाला?" मी एका शब्दात उत्तर द्यायची. कधी तेवढंही नाही.

आमची कातळावर सात कलमं आहेत हापूसची. त्या वर्षी मोहोर उशिरा आला होता, फळ मागे होतं. बाबांना कित्येक वर्षांत घरचा आंबा मिळाला नव्हता. रजा नेमकी पावसात नाहीतर थंडीत पडायची. ते रोज सकाळी कलमांखाली जाऊन वर बघत उभे राहायचे. आणि एके दिवशी मांचं न ऐकता त्यांनी झेला घेतला, म्हणजे जाळी बांधलेली लांब काठी, आणि दोनशेभर फळं उतरवली. देठाजवळ खळगी पडली नव्हती, खांदे भरले नव्हते. कोकणातलं शेंबडं पोरही तो आंबा काढणार नाही. बाबांनी काढला. वर आढीत रोज हात घालायचे, दाबून बघायचे, वास घ्यायचे. मां कपाळाला हात लावायची. "रोज हात लावून पिकतो काय आंबा? डाग पडतील नुसते." तसंच झालं. बारा दिवसांनी ते आंबे सुरकुतले आणि आंबट ते आंबटच राहिले. बाबांनी त्यातला एक हट्टाने संपवला आणि "गोड हाय" म्हणाले.

मी तेव्हा त्यांच्याकडे तुच्छतेने पाहिलं होतं. मला आंब्यातलं त्यांच्यापेक्षा जास्त कळतं, याचा केवढा आनंद झाला होता मला!

*

आता मी तालुक्याच्या शाळेत शिकवते. नववी-दहावीचे वर्ग. गेल्या वर्षी आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं, त्यात चिपळूणच्या एक डॉक्टरबाई आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर मेंदू काढला. चित्रकला बेताची, मागच्या बाकावरून तो मला फणसाच्या गऱ्यासारखा दिसत होता. त्यांनी सांगितलं ते मात्र मी एकही जांभई न देता ऐकलं.

त्या म्हणाल्या, मेंदू सगळा एकदम तयार होत नाही. चिडणं, घाबरणं, मजेमागे धावणं हे ज्याच्या हातात असतं तो आतला भाग वयात येता येताच जोरात कामाला लागतो. आणि कपाळामागचा भाग, जो "थांब, पुढे काय होईल बघ" असं सांगतो, तो सगळ्यात शेवटी तयार होतो, पार पंचविशीपर्यंत त्याचं काम चालू असतं. मुलांना धोका कळत नाही असं नाही. एकटं असताना विचारलं तर बरोबर उत्तर देतील. पण बरोबरीची पोरं बघत असली की कळलेलं ऐन वेळी हाताशी येत नाही. झोपेचं घड्याळही या वयात पुढे सरकतं, त्याला आळस म्हणू नका. आणि आणखी एक. समोरच्याचा चेहरा वाचायला ही मुलं चुकतात. मोठ्यांच्या तोंडावर भीती असते, काळजी असते. त्यांना तो राग वाटतो.

शेजारच्या बाई वहीत मुद्दे उतरवत होत्या. माझं पेन थांबलं होतं. मला फळ्यावर चिखल दिसत होता, आणि चिखलात उभा असलेला एक माणूस.

*

आमच्या खाडीकाठच्या गावात भरती-ओहोटीचं गणित आईच्या दुधाबरोबर मिळतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. त्या दिवशी द्वादशी होती, म्हणजे बाराची पाऊणपट. बारा पाऊणे नऊ. नऊला भरती, म्हणजे तीनला पुरती ओहोटी. अकरानंतर आतल्या फाट्यात होडी घालायची नाही, घातली तर चिखलात बसणार. हे मला पाचवीत येत होतं.

साडेअकराला मी नूरचाचांची होडी सोडली. नूरचाचा आमचे शेजारी. ते जेवायला गेले होते. बरोबर माझ्या वर्गातल्या वैशाली आणि शबाना. वैशाली शहरातली, तिला खाडी बघायची होती. शबाना म्हणाली, "आता जायचा नाय सलमा, पाणी उतरतंय." वैशालीने फक्त विचारलं, "तुला येते का होडी चालवता?" झालं. एवढं पुरलं. बारा पाऊणे नऊ मला त्या क्षणीही येत होतं, पण डोक्यात असून नसल्यासारखं.

एक वाजता होडी बसली. चारी बाजूंना काळा चिखल, वर ऊन, कडेला खेकडे. किनारा हाकेच्या अंतरावर आणि तरी जाता येत नाही. आम्ही आधी घाबरलो, मग हसायला लागलो. गाव जमा झालं. बायका हातवारे करत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती. पाच वाजेपर्यंत पाणी वाढेल, होडी आपोआप सुटेल, तोवर बसा, एवढाच त्यावर इलाज. सगळ्यांना ठाऊक होतं.

मग बाबा आले. धावतच आले. त्यांनी काठावर चपला काढल्या आणि सरळ चिखलात उतरले.

ओहोटीच्या चिखलात कोणी उतरत नाही. खाडीवर जन्मलेला माणूस तर नाहीच नाही. नूरचाचा ओरडले, "हसन, परत ये! मरशील!" बाबांनी ऐकलं नाही. दहा-बारा पावलं आले आणि मांडीपर्यंत रुतले. एक पाय काढायला गेले की दुसरा आत. हात हवेत, लुंगी वर आलेली, तोंडावर चिखल उडालेला. वैशालीला हसू आलं. तिने तोंडावर हात धरला, पण तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. शबानालाही आलं.

आणि मीही हसले.

मोठ्याने. त्या दोघींपेक्षा मोठ्याने. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पोटातून काहीतरी वर आलं आणि ते हसू होऊन बाहेर पडलं. बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, हे आता मला मारणार. दात आवळलेले, डोळे मोठे, नाकपुड्या थरथरणाऱ्या. इतका राग मी कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. मग नूरचाचांनी आणि आणखी दोघांनी चिखलावर फळ्या टाकून त्यांना ओढून बाहेर काढलं.

आम्ही पाच वाजता सुटलो. घरी गेले तर बाबा न्हाणीतून पाय धुऊन बाहेर आले होते.

"बापाला हसतेस?" एवढंच आधी म्हणाले. मग आवाज चढला. "खाडीची पोर तू, तुना एवढा कळत नाय? काय झाला असता म्हणजे? उद्यापासून घराच्या बाहेर पाऊल टाकायचा नाय!"

मी त्यांच्याकडे पाहिलं, आत गेले आणि दार आपटलं. त्यानंतर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या रजेचे बारा दिवस उरले होते.

साडेतीन वर्षांत मिळालेल्या पंचेचाळीसांतले बारा. ते दाराबाहेर येऊन उभे राहायचे, मला त्यांच्या पायांची सावली दाराखालून दिसायची. कधी टकटक करून बोटाने वाजवायचे. "सलमा, फणस कापलाय." "सलमा, पत्ते खेळू या?" मी उशीत तोंड खुपसून श्वास रोखून पडायची. दार उघडावंसं वाटायचं, अगदी वाटायचं. पण ते पुन्हा वाजवायचे, आणि त्यांनी पुन्हा वाजवलं की माझा हट्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. आढीसारखंच केलं त्यांनी माझं, रोज हात घालून बघत राहिले. पण त्यांच्या हातात दिवसच किती होते!

जायच्या सकाळी मांने मला तीनदा हाक मारली. मी मागच्या खोलीत दुसऱ्या आढीपाशी उभी होते. ते आंबे अर्धे पिकले होते. मांने त्यातलेच निवडून पेंढ्यासकट खोक्यात भरले होते, तिकडे पोचेपर्यंत पिकतील म्हणून. ओटीवर बाबांचा आवाज आला, "राहू दे. झोपली असेल." बॅग उचलल्याचा, मग फाटकाचा आवाज. मी खिडकीतून बघितलं नाही. मी आंबे मोजत उभी राहिले, आणि ते पार दिसेनासे झाल्यावर धावत फाटकापर्यंत गेले.

*

आता कॅसेटींचं सांगायला हवं, कारण रुहीच्या पिढीला ते ठाऊकच नाही.

तेव्हा गावात दोन घरी फोन होते आणि परदेशी बोलणं परवडायचं नाही. पत्र लिहायला मांचा हात वळायचा नाही. म्हणून आम्ही कॅसेट भरायचो. बाबांनीच आणलेला टेपरेकॉर्डर मध्ये ठेवायचा, दोन बटणं एकदम दाबायची आणि एकेकाने बोलायचं. सगळ्यांनी तेच बोलायचं. "आमी खुशाल हाव. तुमची तबियत कशी हाय? पाऊस बरा हाय." गावातला कोणी निघाला की त्याच्याबरोबर ती कॅसेट द्यायची. बाबा ती ऐकून त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरायचे आणि कोणी येणाऱ्याबरोबर परत धाडायचे. मग आम्ही पुन्हा त्यावरच. अशा तीन कॅसेटी वर्षानुवर्षं जात-येत होत्या. नवं भरलं की जुनं पुसलं जायचं. कितीतरी ईदी, माझी पाठ केलेली गाणी, रुहीचं पहिलं बोलणं, सगळं असंच पुसून गेलं. कुणाला त्याचं काही वाटत नसे. माणूस खुशाल आहे एवढं कळलं की कॅसेटचं काम झालं.

ऑगस्टात नूरचाचाही बाबांच्याच कंपनीत कामाला म्हणून दमामला निघाले. मां पाचेक मिनिटं बोलली आणि टेपरेकॉर्डर माझ्यापुढे सरकवला. "बोल बाबांशी. मेपासून बोलली नायस तू."

"मना नाय बोलायचा."

"दोन शब्द बोल गो. वाट बघतात ते."

मग मी बोलले. अजून शब्द न् शब्द आठवतो. "मना नाय बोलायचा! सांग त्यांना, पंचेचाळीस दिवस येऊन बाप व्हता येत नाय कुणाला! नका येऊ परत! आमी बरे हाव!" आणि आत जाऊन दार आपटलं.

मला वाटलं होतं, मां ते पुसून पुन्हा भरेल. संध्याकाळी विचारलं, तर ती चूल फुंकत म्हणाली, "दिली नूरचाचाकडं. ते दारात येऊन उभे, पुसायला वेळ कुठं व्हता?"

त्यानंतरचे महिने मी कसे काढले, ते सांगून पटणार नाही. अकरावीत गेले होते, नव्या बसने रोज शहरात कॉलेजला जात होते, पण शेजारचा फोन वाजला की हातातलं काम टाकून कान लावायची. कुणी दमामहून आलं की मी मागच्या दाराने बाहेर. तीन महिन्यांनी बाबांची कॅसेट आली, ती दुसरी होती. त्यात त्यांनी विचारलं होतं, "सलमा, मांजराला पिल्लं झाली काय? बस वेळेवर येते काय?" बस्स. रागाचा एक शब्द नाही. तेव्हा मला वाटलं, ऐकलं नसेल. मग वाटलं, ऐकलं आणि आता कधीच बोलणार नाहीत. ती कॅसेट काही परत आली नाही. मां कुरकुरायची, "तिनातली एक हरवली ह्यांनी." मला पक्कं ठाऊक होतं, हरवली नाही. बाबांनी ती रागाने फोडून टाकली असणार.

ते पुढे चारदा रजेवर आले. मी चहा दिला, पाणी दिलं, नीट बोलले. त्यांनीही माझ्या मागे फिरणं सोडून दिलं होतं. आमच्यात ती कॅसेट होती आणि दोघंही तिला वळसा घालून जात होतो. मला विचारायचं होतं, माफी मागायची होती, पण दर वेळी वाटायचं, यांनी ऐकलंच नसेल तर? उगाच कशाला सांगा! अशी नऊ वर्षं गेली. डॉक्टरबाईंचं ऐकलं तेव्हा क्षणभर हलकं वाटलं, नाही असं नाही. कपाळामागचा भाग तयार नव्हता म्हणे. पण मेंदू माझाच होता ना? तोंडही माझंच. आणि दमामच्या खोलीत बसून ऐकणारे कान तर तयार माणसाचे होते, त्यांना ते शब्द लागलेच असणार.

*

गेल्या वर्षी बाबा कायमचे परत आले. ट्रंक उघडायला मी मदत करत होते. तळाशी रुमालात गुंडाळलेली ती कॅसेट निघाली. वर बाबांच्या अक्षरात "सलमा", आणि खाली ऑगस्ट ९९.

मी ती उलटीसुलटी करून बघितली. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. दोन्ही मोडलेले होते.

"ही फोडली नाय तुम्ही?" माझ्या तोंडून निघालं.

"फोडू कशाला?" बाबा म्हणाले. "लाव."

मी कॅसेट त्यांच्या हातात दिली, त्यांनीच लावली. आधी मांचं "आमी खुशाल हाव". मग माझा आवाज, किती बारीक, किती चिरका! मला वाटत होतं तो एका मोठ्या, दुष्ट बाईचा असेल. तो एका लहान मुलीचा होता. "नका येऊ परत!" धाडकन दार. मी बंद करायला हात पुढे केला. बाबांनी माझं मनगट धरलं. "थांब. पुढं ऐक."

मां मशीन बंद करायला विसरली होती.

कौलांवरचा पाऊस. मांचं "या अल्ला". भांड्यांचा आवाज. मग टेपच्या अगदी जवळ कुणाचा तरी श्वास, आणि पाच वर्षांच्या रुहीचं कुजबुजणं, "बाबा, आपा रडते." बाबा म्हणाली ती, काका नाही. मग बराच वेळ नुसता पाऊस. कोंबड्या. मला वाटलं आता संपेल. आणि लांबून, दाराची कडी निघाल्याचा आवाज आणि माझा आवाज, अगदी रोजचा, जणू काही घडलंच नाही:

"मां, भूक लागली. काय हाय?"

"भाकरी हाय. लोणचा देऊ?"

मग ताटाचा आवाज. आणि तोंडात घास धरून मी म्हणत होते, "मस्त झालाय गो. ह्यातला बाबांना पण धाड नूरचाचाकडं. बरणी भरून धाड. त्यांना आवडतो."

खट्. बाजू संपली.

मला ते मुळीच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. त्या वाईट बोलण्याचा शब्द न् शब्द मी नऊ वर्षं सांभाळला आणि लोणच्याचं माझ्या लक्षातही राहिलं नाही. मी रडायला लागले, आवरता आवरेना. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"लोणचा आला व्हता," ते म्हणाले. "आधी कॅसेट ऐकली ना, तवा निम्म्यावरच बंद केलेली. दोन दिवस जेवलो नाय. मग नूर म्हणाला, ही बरणी तुझ्या पोरीनं आठवणीनं दिलीय. म्हणून पुन्हा लावली, सगळी ऐकली. कॅम्पात राती घड्याळ लावून मोजला मी. दार आपटल्यापास्नं भूक लागेपर्यंत बावीस मिनटं." ते हसले. "मी बारा दिवस तुझा दार वाजवीत बसलो, येड्यासारखा. तुना बावीस मिनटं सोडायला पायजे व्हता."

"चिखलात तुम्ही इतके रागावला होता," मी म्हटलं. "तुमचा चेहरा..."

"रागावलो?" बाबांना खरंच समजेना. "अगो, मी घाबरलेलो. रुतलो त्याच्यासाठी नाय. माझा पाय निघत नाय आणि तू तिकडं, म्हणून."

*

हे सगळं ठाऊक असून मी आज चौथ्यांदा रुहीच्या दारापाशी गेले. शाळेत चाळीस पोरांना समजून घेणारी बाई मी, आणि घरातल्या एका दाराने मला फिरकीसारखं फिरवलं आहे. माझी पंचविशी गेल्या वर्षीच सरली, म्हणजे डॉक्टरबाईंच्या हिशेबाने मी पिकले. पण मला तसं काही जाणवत नाही. हात कडीकडे गेलाच.

"सलमा," बाबा पडवीतून म्हणाले, "हात लावू नको."

मी येऊन त्यांच्या पायाशी बसले. बोटं मोडली. उठले, पुन्हा बसले. आत रुही कुणाला तरी मनातल्या मनात शिव्या देत असेल, किंवा रडत असेल, किंवा आरशात बघत असेल. दहा वर्षांनी तिला यातलं काय आठवेल? हेच दुश्मन म्हटलेलं आठवेल, आणि पुढचं काहीच नाही, असं झालं तर? आमच्या घरात आता कॅसेट फिरत नाही. कोण सांगेल तिला?

कडी वाजली. रुही बाहेर आली, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. आमच्यापैकी कुणाकडेही न बघता तिने स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

"मां, काय खायला हाय? आणि आढी कधी उघडतेस? बाबांना पयला आंबा द्यायचा आपण."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अठरा," ते हळूच म्हणाले. "तुझ्यापेक्षा शहाणी हाय."

मी आत जाऊन वही काढली. वरती आजची तारीख घातली आणि रुही काय म्हणाली, ते सगळं लिहून ठेवलं. दुश्मनापासून आंब्यापर्यंत.